शेपूट तुटलेली वाम

पोळा सरला की पूर्णेचं पाणी निवळायला लागतं. काळ्या रानातला गाळ वाहून दमलेली नदी एका सकाळी काठाशी तळ दाखवते. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, कपाशीला पिवळी फुलं लागलेली असतात आणि जळगाव जामोदच्या माझ्या गच्चीवरून सातपुड्याची रांग अशी स्वच्छ दिसते, की डोंगरातली एकेक घळ मोजावी. लोकांना हे दिवस आवडतात. माझं डोकं फिरतं. "बाबांचे भादव्यातले दिवस आले वाटतं," असं सून हळूच मुलाला म्हणते आणि माझ्या भाकरीवर तुपाची धार जरा जास्त सोडते. बिचारीला वाटतं, पित्त असेल. तुपानं उतरणारा हा राग नाही. गेली साठ वर्षं तो उतरलेला नाही.

यंदा तर त्याला कारण घरी चालत आलं. मासळीखात्यातला एक तरुण अधिकारी, चांगला मुलगा, पायातले बूट दाराबाहेर काढून आत आला. त्याच्या हातात एका जुन्या अहवालाची नक्कल होती. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळातला अहवाल. पूर्णेतल्या वाम माशाची तब्येत कशी आहे, धंद्याला ती किती वर्षं पुरेल, याची पाहणी. वाम म्हणजे सापासारखा लांब, टोकदार सोंडेचा, पाठीवर काटे असलेला मासा. ज्याने खाल्लाय त्याला वर्णन नको आणि ज्याने खाल्ला नाही त्याला वर्णन ऐकून खावासा वाटायचा नाही.

"आजोबा, हे अक्षर तुमचं आहे म्हणतात," मुलगा म्हणाला. "यात तर वाम भरपूर दिसते. आता डोहात काहीच उरलं नाही. काय बिघडलं ते मी शोधतोय, सुरुवात या कागदापासून धरतोय. आकडे खरे आहेत ना?"

मी कागद हातात घेतला. वळणदार अक्षर, सरळ ओळी, एक खाडाखोड नाही. माझंच. माझ्या हाताला त्या क्षणी मी दगडाखाली ठेचलं असतं. त्याला म्हटलं, "कागद ठेवून जा. शुक्रवारी ये."

मी मूळचा चिखलीचा. इंटरला नापास होऊन घरी बसलो होतो आणि घरचे मला रोज जेवताना पाहत होते. बसलेल्या माणसाकडे जेवताना पाहतात, ते पाहणं वेगळं असतं. तेवढ्यात ही हंगामी नोकरी लागली. काम असं, की पोळ्यापासून दिवाळीपर्यंत पूर्णेच्या काठच्या भोयांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, एका वस्तीवर दर चार दिवसांनी जायचं, त्यांनी डोहातून धरलेली वाम फूटपट्टीवर मोजायची, तागडीत तोलायची आणि रकाने भरायचे. लांबी, वजन, पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, आहे की नाही. नागपूरहून आलेले साहेब मराठीच होते, सभ्य होते, घाईत होते. त्यांनी डाकबंगल्यात मला समोर बसवून सांगितलं, "वाम टिकून असेल तर डोह लिलावानं ठेक्याला द्यायचा. खालावली असेल तर भोयांकडेच राहू द्यायचा आणि काही वर्षं डोहाला विसावा. पण हे त्यांना सांगू नका. कारण कळलं, तर मासे लपवतील."

लपवतील! आमच्या कचेरीला माणसं एवढीच कळत होती.

त्या डोहाचं नाव आसराचा डोह. काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते, पाण्यातल्या सात आसरा देवी. आषाढापासून पोळ्यापर्यंत त्या डोहात कोणी गळ टाकत नसे. वाम तेव्हा पोटुशी असते. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच तो पाळला जात होता असं मला आता वाटतं. वस्तीचा म्होरक्या दगडूजी. उंच, वाळका, कपाळावर गळ लागल्याची जुनी खूण. त्याची बायको कौतिकाबाई. वामेच्या पोटाखालून नुसता अंगठा फिरवून ती सांगायची, हिच्यात गाभोळी आहे, हिच्यात नाही. मी एखादी चिरून पाहायचो. ती कधी चुकली नाही.

पहिल्या दिवशी गेलो तेव्हा कौतिकाबाईनं तांब्याभर पाणी दिलं. तो सगळा मुलूख खाऱ्या पाण्याचा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पिण्याचं पाणी नदीतून आणून, फडक्यातून गाळून, माठात ठेवलेलं. पाहुण्याला आधी ते द्यायचं, मग बाकीचं बोलणं. मी पाणी प्यालो आणि तिनं टोपली पुढं सरकवली. टोपली काठोकाठ भरलेली, वर ओला पळसाचा पाला.

"लय आहे की हो वाम," मी म्हणालो.

"हाव, तुमी आले म्हनून आसरानं देल्ली," दगडूजी म्हणाला. थोड्या वेळानं, मी फूटपट्टी धूत असताना, कौतिकाबाई पाण्याकडे पाहत पुटपुटली, "पह्यलेसारखी नाई राह्यली, बाबू. माह्या सासूच्या वक्ताले खडकाखाली हात घातला का वाम भेटे. आता दिसभर बसा लागते."

हे मी ऐकलं. लिहिलं नाही. ऐकीव माहितीला रकाना नव्हता. त्या रकान्यांवर माझा पहिला राग आहे. पण रकाना आखणाऱ्याला दोष देताना एक गोष्ट मी नेहमी विसरायला पाहतो. कागदाला समास होता. लिहिणाऱ्याला समासात जागा असतेच.

त्या दिवसांचे वास अजून नाकात आहेत. ओल्या पाल्याचा, चिखलाचा, हाताला लागलेल्या वामेच्या बुळबुळीचा. तो राखेनं घासला तरी दोन दिवस जात नाही. संध्याकाळी वस्तीतल्या पोरी भुलाबाई मांडून टाळ्या वाजवत गायच्या आणि मी दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसून परत निघायचो. आंघोळ केली तरी खानावळीतला माणूस माझ्यापासून हातभर दूर ताट ठेवायचा. मला त्याचंही काही वाटायचं नाही. मी खूश होतो. मी सरकारी काम करत होतो आणि माझं काम सुबक होत होतं.

सुबक होतं, पण बरोबर होत नव्हतं. हे मला तीन ठिकाणांहून कळत गेलं आणि तिन्ही वेळा मी मान फिरवली.

पहिलं रहीमभाईकडून. तो जळगाव जामोदचा मासळीचा व्यापारी. भोयांचा माल घेऊन खामगावच्या बाजारात पाठवायचा. एका बाजाराच्या दिवशी त्यानं मला रस्त्यात थांबवलं. "बाबूजी, एक बात सांगा. तुमच्या कागदावर वाम लय हाय म्हन्ते. मंग माह्या टोपलीत काऊन येऊन नाही राह्यली? खामगाववाला मले शिव्या देऊन राह्यला." मी हसून म्हटलं, दुसऱ्या कोणाला विकत असतील. "कोनाले?" तो म्हणाला. "इकडं दुसरा हाय कोन?" व्यापाऱ्याच्या बोलण्यावर काय विश्वास ठेवायचा, असं मनाशी म्हटलं आणि पानाच्या दुकानाकडे वळलो.

दुसरं तागडीकडून. लांबी तीच भरायची, वजन मात्र दर खेपेला थोडं थोडं उतरत होतं. हंगाम पुढं जाईल तशी वाम अंग धरते, हे मला दगडूजीनंच सांगितलं होतं. इथं ती वाळत चालली होती. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वजनात किंचित घट.' किंचित! हा शब्द मला त्या वेळी फार शास्त्रीय वाटला होता. आज तो वाचला आणि कागद फाडावासा वाटला.

तिसरं एका वामेकडून. हातभर लांब, पाठ गर्द तपकिरी, ओठ गळानं फाटलेला आणि शेपटाचं टोक बोटभर तुटलेलं. पहिल्यांदा मी तिला मोजली तेव्हा तिनं माझ्या तळहातात काटा रुतवला होता, म्हणून ती ध्यानात राहिली. दसरा उलटल्यावर चौथ्यांदा पाल्याखालून तीच निघाली. ओठ फाटलेला, शेपूट तुटलेलं. फक्त आता ती वळवळत नव्हती. माझ्या हातात पडून राहिली आणि मी तिची लांबी लिहिली.

पुढच्या खेपेला मी ठरल्या दिवसाच्या एक दिवस आधी गेलो. घाटावर कोणी नव्हतं. डोहाच्या खालच्या अंगाला, करंजाच्या मुळांआड, कौतिकाबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. पाण्यात बांबूच्या कामट्यांचा एक लांबट पिंजरा बुडवलेला, आणि ती त्यात गांडुळं टाकत होती. आत वामेचा गुंता. शेपूट तुटलेली कामट्यांतून सोंड बाहेर काढून होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. महिना-दीड महिना ही अडाणी माणसं मला बनवत होती, आणि मी, इंटरपर्यंत शिकलेला, त्याच त्याच वामा मोजून वहीत वळणदार अक्षरं काढत होतो. मी दगडूजीला हाका मारून बोलावलं. तो धावत आला.

"हे काय आहे? विकत नाही, खात नाही, कोंडून ठेवता? मला फसवता?"

दगडूजीला खरंच कळेना, मी का चिडलोय. "फसवाले काऊन, बाबूसायेब? तुमी सरकारचे पाव्हने. चार दिसानं येता. डोह कधी देते, कधी नाई देत. नाई देल्लं तं काय रिकामी टोपली ठेवू तुमच्या पुढं? आमच्यात पाव्हन्याले रिकामी टोपली नाई दाखवत. म्हनून जे धरलं ते राखून ठेवलं. दसऱ्याले घरात वाम नाई केली आमी. पोराईले ज्वारीची आंबील पाजली. पन तुमची टोपली भरून राह्यली पायजे."

"मले वाटलंच होतं तुमाले राग येईन," कौतिकाबाई म्हणाली. तिचे हात ओले होते आणि ती ते पुसायचं विसरली होती. "लहान दिसते म्हनून ना? खातच नाई ना बाबू, कोंडल्यावर. मी तं रोज घालतो गांडुळं. खातच नाई."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. दगडूजी, टोपली भरलेली दिसली तर डोह जाईल. रिकामी दाखव, म्हणजे राहील. एवढी दोन वाक्यं. साहेबांनी सांगू नका म्हटलं होतं, हे खरं. पण मी गप्प बसलो ते साहेबांसाठी नाही. सगळी मोजणी पहिल्यापासून रद्द करावी लागली असती. वही कोरी झाली असती. कचेरीत मी तोंड काय दाखवणार होतो? म्हणजे रिकामी टोपली पुढं ठेवायची लाज एकट्या दगडूजीला नव्हती. त्याची लाज पाहुण्यासाठी होती आणि त्यापायी तो उपाशी राहिला. माझी लाज माझ्यासाठी होती आणि तिच्यापायी मी जेवत राहिलो.

मला दगडूजीचाही राग येतो, हे कबूल करतो. त्या मोठेपणाचा. घरात पोरं आंबिलीवर आणि सरकारच्या कारकुनापुढं भरली टोपली! कोणी सांगितलं होतं? पण हा राग फार वेळ धरून ठेवता येत नाही. त्याच्या घरचं पाणी मी प्यालेलो आहे.

आश्विन संपता संपता साहेब आले. घाटावर सतरंजी अंथरली होती, सात दगडांना नवा शेंदूर होता. पिंजऱ्यातली आणि त्या आठवड्यात धरलेली सगळी वाम तीन टोपल्यांत घालून ठेवली होती. साहेबांनी पाला उचलून पाहिला, ते खूश झाले. माझी वही चाळली. "अक्षर सुरेख आहे तुमचं. कायम जागेसाठी मी शिफारस करीन." मग वही मिटताना सहज म्हणाले, "आकडे खरे आहेत ना?"

दगडूजी माझ्याकडे पाहत होता. सगळी वस्ती पाहत होती. मी म्हणालो, "हो साहेब."

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी दगडूजीची अब्रू राखली. चारचौघांत त्याला लबाड ठरवणं मला जमलं नाही. सांगायला बरं आहे हे. पण घाटापासून जळगावपर्यंत दोन तासांची वाट होती. दमणीत साहेब आणि मी दोघंच. साहेबांनी मला माझ्या वडिलांबद्दल विचारलं, चिखलीच्या बाजाराबद्दल विचारलं, एक संत्रं सोलून अर्धं दिलं. वाटेत कुठंही मला म्हणता आलं असतं, साहेब, ती वाम मी पुन्हा पुन्हा मोजलीय. तिथं कोणाची अब्रू जात नव्हती. मी संत्रं खाल्लं. गोड होतं, हेही लक्षात आहे.

बाकीचं व्हायचं तसं झालं. डोहाचा लिलाव झाला. बाहेरगावचा ठेकेदार आला, त्यानं काठावर माणसं बसवली आणि भोयांना गळ घेऊन फिरकायची बंदी केली. आषाढ त्याला कोण सांगणार? ऐन आषाढात, वाम पोटुशी असताना, त्यानं विहिरी फोडायची सुरुंगाची दारू डोहात उडवली. मी तेव्हा बुलढाण्याला कायम जागेवर होतो. रहीमभाई कामानं आला होता, त्यानं सांगितलं. पाणी पांढरं झालं म्हणे, आणि मग पोटं वर करून वामा तरंगल्या, गाभोळीनं फुगलेल्या, डोहात उरल्या होत्या तेवढ्या सगळ्या. सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. "मी तुमाले रस्त्यातच बोल्लो होतो बाबूजी," एवढंच म्हणाला आणि चहा अर्धा टाकून गेला. त्या ठेकेदाराला मी मनात हजार वेळा मारलं आहे. मग प्रत्येक वेळी आठवतं, की त्याला डोहाचं दार उघडून देणारी किल्ली सुबक अक्षरात लिहिलेली होती.

दोन वर्षांनी, याच दिवसांत, मी वस्तीवर गेलो. का गेलो कोण जाणे. माफी मागायची असेल, किंवा कोणी तरी म्हणावं की तुमचा काय दोष, एवढंच ऐकायचं असेल. निम्मी घरं बंद होती. माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेली होती. दगडूजी पहिल्याच उन्हाळ्यात वारला, हे मला तिथं कळलं. कौतिकाबाई दाराशी बसली होती. तिनं मला ओळखलं. तिच्यामागं माठ होता, माठावर तांब्या पालथा होता. ती उठली आणि मला वाटलं, तांब्या घ्यायला उठली.

तिनं आढ्याला अडकवलेली टोपली काढली. तीच. तळाशी वाळून काळा पडलेला पळसाचा पाला होता. तो तिनं झटकून टाकला, टोपली माझ्या पुढ्यात आणून ठेवली आणि म्हणाली,

"घ्या बाबू. मोजा."

मी उभाच राहिलो. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पाण्याचं तिनं विचारलं नाही. त्या खाऱ्या मुलखात, उन्हातून आलेल्या माणसाला तिनं पाण्याचं विचारलं नाही.

आज गुरुवार आहे. खाली गल्लीत पोरी भुलाबाईची तयारी करताहेत. त्या मुलानं ठेवलेला कागद माझ्यासमोर आहे. तो याच्यावर सुरुवात धरणार, की त्या काळी वाम भरपूर होती, आणि पुढची सगळी मापं त्या खोट्यावर रचणार. दगडूजी गेला, साहेब गेले, ठेकेदारही गेला असेल. खोटं तेवढं धडधाकट आहे. ते माझ्याही मागं राहील आणि शिकलेली मुलं त्याचा आधार घेतील, या विचारानं मला झोप लागत नाही.

कागदाला समास आहे. तेव्हाही होता. मी चष्मा पुसला, टाक घेतला आणि लिहिलं: 'हे आकडे खोटे आहेत. शेपूट तुटलेली एकच वाम मी चार वेळा मोजली आहे. डोह तेव्हाच रिकामा होत आला होता; कौतिकाबाई भोई हिनं तसं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी लिहिलं नाही.' ओळ वाकडी गेली, 'कौतिकाबाई'वर शाईचा डाग पडला. मी खाडाखोड केली नाही. खाली सही केली.